सहकाऱ्याच्या शब्दाचा मान

चार माणसे मिळून कोणतेही काम करू लागली की त्यांतले एखादे केव्हातरी म्हणतेच, "मला वाटते, हे असे करून पाहावे." काम दिंडीचे असो, देवळाच्या जीर्णोद्धाराचे असो, शाळेचे असो की चौघांत मिळून काढलेल्या विहिरीचे असो. तो शब्द निघाला की त्याच क्षणी बाकीच्या तिघांवर एक कर्तव्य येऊन पडते. ते कर्तव्य कोणते, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे. प्रश्न दिसायला लहान आहे खरा; पण आमच्या मते माणसाची पारख मोठ्या प्रसंगापेक्षा अशा लहान जागीच अधिक होते. मोठ्या प्रसंगी चार लोक पाहत असतात, म्हणून आपण सावध असतो. सोबत्याच्या एका वाक्याला उत्तर देताना मात्र मूळ स्वभाव बाहेर पडतो.

कोणी म्हणेल, "यात कसले आले कर्तव्य? पटले तर हो म्हणावे, नाही पटले तर सोडून द्यावे." ठीक आहे. पण हे 'सोडून देणे' प्रत्यक्षात कसे घडते, ते जरा जवळून पाहू.

एका दिंडीची वारीपूर्वीची बैठक आम्ही पाहिलेली आहे. शिधा किती घ्यायचा, ट्रक कोणाचा, तंबू किती, पाण्याचे काय, असे नेहमीचे विषय चालले होते. तेवढ्यात दुसऱ्याच वारीला निघालेला एक तरुण मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "माउली, गर्दीत म्हातारी माणसे चुकतात. प्रत्येकाच्या गळ्यात नाव, गाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी." त्यावर एक ज्येष्ठ वारकरी हसून बोलले, "अरे बाळा, वारकऱ्याची ओळख म्हणजे गळ्यातली तुळशीची माळ! पांडुरंगाला चिठ्ठी लागत नाही." बैठक हसली. कोणीतरी "रामकृष्ण हरि" म्हणाले. मुलगा खाली बसला, आणि बोलणे पुन्हा शिध्याकडे वळले.

आता पाहा, त्या ज्येष्ठांचे वाक्य सुंदर होते, आणि खरेही होते. पांडुरंगाला चिठ्ठी लागत नाही हे कोण नाकारील? पण मुलाने चिठ्ठी पांडुरंगासाठी मागितलीच नव्हती. वाखरीच्या गर्दीत चुकलेल्या आजीबाईला रात्री तिच्या तंबूपर्यंत पोचवू पाहणाऱ्या पोलिसासाठी ती चिठ्ठी होती. म्हणजे जे विचारले त्याला उत्तर मिळालेच नाही, आणि जे विचारलेच नव्हते त्याला टाळ्या मिळाल्या.

ही गोष्ट तेथेच संपायची. पण स्वयंपाकाचे पाहणाऱ्या एक वयस्कर बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरगं बोललं ते खोटं नाही बरं का. पण आषाढातला पाऊस. कागदाचा पहिल्याच दिवशी लगदा होईल. अन् गळ्यात लटकवलं की म्हातारी माणसं काढून ठेवतात. त्यापेक्षा कापडाच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईनं लिहा आणि ज्याच्या-त्याच्या पिशवीला आतून शिवून टाका." कोणी विचारले, "शिवणार कोण?" त्या म्हणाल्या, "दोन दुपारी बसलो की होतंय." मग दुसऱ्या एकाला सुचले की घरचा फोन गावाकडे वाजून उपयोग काय, दिंडीचा क्रमांक आणि दिंडीतल्या कोणाचा तरी नंबरही त्यावर असावा. झाले! दहा मिनिटांत एक गोष्ट तयार झाली, जी त्या मुलाजवळ एकट्याजवळ नव्हती आणि त्या बाईंजवळही एकट्या नव्हती.

त्या वर्षी कोण चुकले आणि कोण सापडले, याची कथा सांगून आम्ही त्या सूचनेचे माहात्म्य वाढवू इच्छीत नाही. आमचे लक्ष दुसरीकडेच आहे. त्या ज्येष्ठांनी मुलाच्या सूचनेत एकही दोष दाखवला नव्हता. बाईंनी मात्र दोन दोष दाखवले, कागद भिजेल आणि लोक काढून ठेवतील. तरीही मुलगा त्यांच्या बोलण्याने खट्टू झाला नाही, उलट कापड आणायला तोच धावला. याचा अर्थ असा की माणसाला दोष दाखवल्याचे दुःख होत नाही. आपला शब्द कोणी हातात घेऊन पाहिलाच नाही, याचे दुःख होते.

सूचना उडवून लावण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि आपण सगळेच ते ओळखतो. एक प्रकार विनोदाचा, तो वर सांगितला. दुसरा वहिवाटीचा: "आजवर असे कधी झाले नाही." तिसरा वाटाण्याच्या अक्षतांचा: "छान आहे, पुढच्या वर्षी पाहू." चौथा माणसावर घसरण्याचा: "तुला काय कळतंय, तू कालचा आलेला." आणि पाचवा सर्वांत सभ्य आणि सर्वांत कठोर, तो म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखे करून पुढच्या विषयाकडे वळणे. या पाचांत एक गोष्ट समान आहे. यांतल्या एकालाही काडीचे श्रम पडत नाहीत. सूचना देणाऱ्याने रात्र-रात्र विचार केलेला असतो, आणि आपण श्वासभर वेळात त्याचा निकाल लावतो.

येथे आम्हांस एक कडू गोष्ट बोलावी लागते. आपल्या संप्रदायात लहान-मोठा, जात-पात न पाहता एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. जगात इतकी सुंदर रीत थोडी असेल. पण ज्याच्या पायावर सकाळी डोके ठेवले, त्याचाच शब्द संध्याकाळी बैठकीत पायदळी तुडवला, तर सकाळच्या नमस्काराला काय अर्थ राहिला? आणि कोणाचे शब्द तुडवले जातात तेही पाहा. नवख्याचे, तरुणाचे, गरिबाचे, आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईचे. पाया पडणे सोपे आहे, त्याला कंबर वाकवली की पुरते. शब्द ऐकायला मन वाकवावे लागते.

हे आम्ही बाहेरचे तत्त्वज्ञान आणून सांगतो आहो असे नाही. वारीतच याची व्यवस्था लावून ठेवलेली आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना आमचे म्हणणे लगेच कळेल. दिवसभर चालून दमलेल्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. मग चोपदार चोप उंचावतात आणि तेवढा मोठा समाज एकाएकी शांत होतो. पण ज्या दिंडीला काही सांगायचे असेल, काही तक्रार असेल, काही अडचण आली असेल, ती दिंडी आपले टाळ थांबवीत नाही. ती वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीजवळ जातात, तिचे म्हणणे ऐकतात, आणि त्याचा विचार होतो. हरवले-सापडलेल्या वस्तूंचे पुकारे होतात. हे सगळे झाल्यावर आरती.

या रचनेकडे थोडे थांबून पाहावे. पहिली गोष्ट, त्या टाळांना कोणी दटावून बंद करीत नाही. वाजत राहणे हा त्या दिंडीचा अधिकार मानलेला आहे. दुसरी गोष्ट, चोपदार त्या दिंडीला पुढे या म्हणत नाहीत, स्वतः चालत तिच्यापर्यंत जातात. तिसरी गोष्ट, प्रत्येक दिंडीच्या मनासारखाच निकाल लागतो असे नव्हे, पण म्हणणे ऐकल्यावाचून आरतीकडे वळत नाहीत. तक्रार आणि सूचना यांत अंतर आहे हे आम्ही जाणतो. पण तक्रार ही पुष्कळदा सूचनेचेच कच्चे रूप असते. जिथे तक्रारीपर्यंत चालत जाण्याची रीत आहे, तिथे सूचनेला हसून बसवण्याची रीत कशी शोभावी?

"आजवर असे कधी झाले नाही," या आक्षेपाचाही येथेच विचार करू. परंपरेचा अभिमान आम्हांसही आहे. पण आज जिला आपण परंपरा म्हणतो ती एके काळी कोणाची तरी नवी सूचनाच होती. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी सन १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून वारी नेण्यास आरंभ केला. पायी वारी त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होती. पालखी ही नवी गोष्ट होती. पुढे आरफळच्या हैबतबाबांनी सन १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वर महाराजांचा सोहळा स्वतंत्रपणे सुरू केला आणि त्याला शिस्तीचे रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यांना साथ केली, आजही त्यांचे घोडे सोहळ्यात चालतात. शितोळे सरकारांनी "आजवर असे झाले नाही" एवढे म्हणून हात झटकले असते तर? त्यांनी दुसऱ्याच्या कल्पनेला आपले बळ जोडले, आणि ती कल्पना पुढच्या पिढ्यांची परंपरा झाली. तेव्हा परंपरेचे नाव घेऊन नव्या शब्दाला अडवणाऱ्याने आधी हे आठवावे की ती परंपरा कोणाच्या तरी नव्या शब्दावरच उभी आहे.

सूचना उडवून लावल्याने बिघडून-बिघडून काय बिघडते, असे कोणास वाटत असेल तर दूर देशाची एक हकीकत सांगतो. ती इतिहासात नमूद आहे. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका पुष्कळच जास्त. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर तेथे होता. सन १८४७ मध्ये त्याचा एक सहकारी प्रेताची तपासणी चालली असताना सुरीने जखम होऊन दगावला, आणि त्याचा आजार बाळंतिणींच्या आजारासारखाच दिसला. सेमेलवाइसच्या ध्यानात आले की डॉक्टर व विद्यार्थी प्रेते तपासून सरळ बाळंतिणींकडे येतात, म्हणजे त्यांच्या हातांवाटेच काहीतरी जात असावे. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम लावला. त्या वर्षीच्या एप्रिलात त्या विभागात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आले आणि जुलैत एकाच्या थोडे वर राहिले.

इतका पुरावा असूनही त्या काळच्या कित्येक नामवंत डॉक्टरांनी ही गोष्ट मानली नाही. काही सहकारी त्याच्या बाजूने उभे राहिले हे खरे. पण त्याची नेमणूक १८४९ मध्ये पुढे चालू ठेवली गेली नाही, आणि त्याला व्हिएन्ना सोडावे लागले. विरोध करणारे सगळे दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांची एक शंका रास्तच होती. हातांवर असे काय चिकटते की त्याने माणूस मरतो, हे सेमेलवाइसला पुरते समजावून देता येत नव्हते, कारण रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा व्हायचे होते. पण या रास्त शंकेचे दोन मार्ग निघत होते. एक मार्ग असा: "कारण कळत नाही, म्हणून तुझे म्हणणे खोटे." दुसरा असा: "कारण आम्हांला कळत नाही, पण हात धुवायला खर्च तो किती? धुऊ आणि मोजू." पहिला मार्ग पुष्कळांनी घेतला. त्याची किंमत त्यांनी स्वतः नाही दिली. ती बाळंतिणींनी दिली. सहकाऱ्याच्या सूचनेचा अव्हेर हा दोघांमधला मानापमान नसतो तो असा. बहुतेक वेळा त्याची किंमत तिसराच कोणी भरीत असतो, जो त्या बैठकीत हजरही नसतो.

याच हकीकतीत सूचना देणाऱ्यालाही एक धडा आहे, तो लपवू नये. सेमेलवाइसने आपले म्हणणे सविस्तर लिहून काढायला फार वर्षे घेतली. त्याचा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. पुढे तो इतका कडवट झाला की उघड पत्रे लिहून विरोधकांना खुनी म्हणू लागला. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. त्याचा संताप आपणांस समजतो. पण खुनी म्हटल्यावर ऐकणाऱ्याचे कान उघडत नाहीत, आणखी मिटतात. आपला शब्द दुसऱ्याने हातात घ्यावा असे वाटत असेल तर तो घेता येईल असा द्यावा. निखारा करून फेकू नये.

आता याच्या उलट उदाहरण. सन १९२४ मध्ये ढाक्याच्या विद्यापीठातले एक तरुण अध्यापक, सत्येंद्रनाथ बोस, यांनी प्रकाशाच्या कणांची मोजणी कशी करावी यावर एक छोटासा निबंध लिहिला आणि तो थेट आइनस्टाइनकडे पाठवला. ओळख ना पाळख. आइनस्टाइन तेव्हा जगन्मान्य झालेले, नोबेल पारितोषिक मिळालेले. त्यांनी तो निबंध वाचला, स्वतः बसून त्याचे जर्मन भाषांतर केले, आणि तो छापून आणला. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. बोसांनी जी रीत प्रकाशकणांना लावली होती तीच अणूंना लावून त्यांनी विचार पुढे नेला. म्हणून आज त्या शास्त्राला दोघांचे नाव आहे. लहानाच्या शब्दाला मोठ्याने हात लावल्याने मोठ्याचे मोठेपण उणे झाले काय? भाषांतर ही तर निव्वळ हमाली. पण ती हमाली करायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आणि आपल्या घरची गोष्ट तर याहून गोड आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांस पत्र पाठवले ते कोरेच, कारण मायना काय लिहावा हेच त्यांना ठरवता येईना, अशी कथा सांगतात. मुक्ताबाई ते पाहून हसल्या. इतकी वर्षे जगून हे अजून कोरेच, असे म्हणाल्या. विनोद झाला. बैठक तेथेच संपली असती तर तो केवळ उपहास झाला असता. पण निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांस उत्तर लिहायला सांगितले, आणि त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले. तीच 'चांगदेवपासष्टी'. ज्या कागदावर एक अक्षर नव्हते त्यालाही आपल्या संतांनी उत्तर दिले. आपल्या सोबत्याच्या कागदावर तर चार ओळी असतात!

येथे व्यवहारी माणूस म्हणेल, "अहो, सगळ्यांचे सगळे ऐकत बसलो तर वारी निघायची केव्हा? आणि काही सूचना खरोखरच वेडगळ असतात." ही शंका खोटी नाही. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो की सूचना मान्य करणे हे कर्तव्य नव्हे. सूचनेला उत्तर देणे हे कर्तव्य आहे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे माणूस एकतर सगळ्यांना हो-हो म्हणत सुटतो किंवा सगळ्यांना झिडकारतो. तोंडदेखले 'हो' हेही झिडकारणेच आहे. त्यातही शब्द हातात घेऊन पाहिलेला नसतो.

मग उत्तर द्यायचे कसे? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने बोलून दाखवावे: "म्हणजे तुझे म्हणणे असे ना?" तो "होय, हेच" म्हणेपर्यंत आपले मत सांगू नये. निम्मी भांडणे येथेच मिटतात, कारण निम्म्या वेळा आपण न बोललेल्या गोष्टीशीच भांडत असतो. दुसरी, त्यातला दाणा आधी उचलावा आणि मग फोलपट दाखवावे. सुपात धान्य पाखडणारी बाई फोलपट दिसले म्हणून सूप उलटे करीत नाही. आणि जिथे सूचना मोडते आहे असे वाटते तिथे "हे व्हायचे नाही" असे न म्हणता "हे व्हायला आणखी काय लागेल?" असे विचारावे. त्या बाईंनी कागदाच्या जागी कापड सुचवले, ते असेच. तिसरी, शक्य असेल तर लहान प्रमाणात करून पाहावे. सबंध वारीचा नियम नको, एका मुक्कामापुरते करू. जमले तर पुढे, नाही जमले तर सोडून देऊ. आणि 'नाही' म्हणायचेच असेल तर कारणासहित, तोंडावर आणि वेळेवर म्हणावे. कारण कळलेला नकार माणूस पचवतो. कारण न कळलेला नकार त्याच्या पोटात वर्षानुवर्षे राहतो, आणि तो पुढच्या बैठकीत येतो पण बोलत नाही. ज्या मंडळीत सगळे गप्प बसतात तिथे एकमत झाले असे समजू नये. तिथे फक्त टाळ थांबले आहेत, म्हणणे कोणी ऐकलेले नाही.

या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सोबत्याचा शब्द आपल्याजवळ आला तो काही आपल्याशी स्पर्धा करायला आलेला नसतो. आपण दोघे मिळून जे ओझे उचलतो आहो त्याला तो आणखी एक हात लावू पाहतो. हात जरा चुकीच्या जागी लागला तर "इथे नको, तिथे धर" असे म्हणावे. हात झटकून टाकणारा हमाल शेवटी ओझे एकटाच वाहतो, आणि वर कोणी मदत करीत नाही म्हणून कुरकुरतो.

माउली, येत्या बैठकीत कोणी नवखा उठून काही बोलला, आणि आपल्या जिभेवर एखादे झकास वाक्य आलेच, तर ते क्षणभर आवरून धरावे. आधी त्याच्यापर्यंत चालत जावे, म्हणणे ऐकावे, उत्तर द्यावे. आरती त्यानंतर.

रामकृष्ण हरि.